दोसा काकुनिन झुमी

लहानपणी सोलापुरात आमच्याकडे पिवळ्या कॅसेटचा व्हिडिओ गेम होता. कॅसेटवर '९९९९ इन वन' छापलेलं, आत मात्र तेच सात-आठ खेळ फिरून फिरून यायचे. तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी गेम-यंत्राची नक्कल होता, हे मला टोकियोत नोकरीला आल्यावर कळलं. मग खरा फॅमिकॉमच घ्यावा की, पण मला आमच्या गल्लीतल्या कुणी नावही न ऐकलेलं जुनं गेम-यंत्र हवं होतं. बजेट पंधरा हजार येन.

पहिला जीव जडला एनईसी या जपानी कंपनीच्या पीसी-एफएक्सवर. कॉम्प्युटरच्या टॉवरसारखा उभा डबा, १९९४ च्या डिसेंबरमधला. त्याच महिन्यात प्लेस्टेशन आलं आणि सगळे थ्रीडीकडे धावले. एनईसीचा सगळा जोर कार्टून-व्हिडिओवर. चार वर्षांत जेमतेम ६२ खेळ निघाले आणि कारभार आटोपला. अशा हरलेल्या घोड्यांवर माझं प्रेम जरा जास्तच. पण त्यातले बरेच खेळ म्हणजे बोलणारी पात्रं आणि पानंच्या पानं संवाद. माझी हिरागाना-काताकाना ही साधी जपानी अक्षरं ठीक, कांजी या चिनी चिन्हांत मात्र अजून मेनूकार्डावरच अडतो. बायको म्हणाली, "अरे, तू गेम खेळणार की शब्दकोश उघडून बसणार?" तिथेच तो बाद झाला.

मग बांदाई कंपनीचा, हातात धरून खेळायचा वंडरस्वान. गेमबॉय घडवणारे गुन्पेई योकोई निन्टेन्डोतून बाहेर पडल्यावर यावर काम करत होते. १९९७ मध्ये ते रस्त्यावरच्या अपघातात गेले आणि मशीन बाजारात आलं १९९९ ला. एका पेन्सिल सेलवर तासन् तास चालतो, आडवा धरा की उभा. हातात घेतला तेव्हा फार आवडला. पण स्क्रीनमागे दिवा नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये स्वतःचाच चेहरा बघत बसावं लागलं असतं.

शेवटी पीसी इंजिनवर आलो. १९८७ चं यंत्र, तळहातावर मावेल एवढं, खेळाची कॅसेट म्हणजे एटीएम कार्डासारखी पातळ पट्टी. शूटिंगचे खेळ भरपूर, वाचायचं कमी. मात्र इथे मी हावरटपणा केला. सीडीसुद्धा चालणारा 'ड्युओ' ऑनलाइन लिलावात स्वस्त दिसला आणि घेतला. घरी लावला, चित्र झकास, आवाज मात्र बंद खोलीतून यावा तसा. उघडून पाहिलं तर आतल्या कपॅसिटरमधून पाणी सुटून बोर्ड चिकट झालेला. ड्युओचं हे जुनं दुखणं आहे म्हणे. विकणाऱ्याने वर्णनात 'जंक' लिहिलं होतं. मी तो शब्द वाचला होता, मनावर घेतला नव्हता.

त्यानंतर एक नियम केला: दुकानातला आणि चिठ्ठीवर 'दोसा काकुनिन झुमी' लिहिलेलाच घ्यायचा. म्हणजे चालवून पाहिलेला. (टोकियोतल्या निशी-कासाई भागात दाक्षिणात्य हॉटेलं आहेत, त्यामुळे हा शब्द आमच्या घरी भलत्याच अर्थाने रूढ झालाय.) अकिहाबारा या टोकियोतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात दोन शनिवार घालवले. मूळचं पांढरं पीसी इंजिन फक्त अँटेनाच्या वायरीतून चित्र देतं, आमच्या टीव्हीला ते चालेना. म्हणून १९८९ चं करडं 'कोअरग्राफिक्स' घेतलं, त्याला साधी एव्ही वायर लागते. खेळांच्या दोन पट्ट्यांसकट साडेबारा हजार.

त्यातला एक बॉम्बरमॅन. हा एकाच वेळी पाच जणांना खेळता येतो, आणि यंत्राला पॅड लावायला भोक एकच! त्यासाठी मल्टीटॅप नावाची वेगळी डबी लागते. तीही शोधली. आता शनिवारी इमारतीतली मंडळी येतात, एकमेकांना मराठीत शिव्या घालत बॉम्ब पेरतात. पाचवा पॅड अजून मिळायचाय, तोवर मी चहा करतो.