तुम्ही विचारलंत म्हणून: उदवेलच्या योद्ध्यांना चिलखत का नाही?

उदवेल या माझ्या काल्पनिक बेटाबद्दल एक प्रश्न मला सतत विचारला जातो. बेट अटलांटिसवरून, म्हणजे समुद्रात बुडालेल्या त्या दंतकथेतल्या बेटावरून सुचलंय, मग तिथले योद्धे असे उघडेबोडके का? ना चिलखत, ना झळाळतं शिरस्त्राण, ना स्फटिकातून निघणारे किरण. विचारणाऱ्यांचा सूर बहुधा जरा हिरमुसलेला असतो, म्हणून एकदा नीट सांगते.

प्लेटोने इ. स. पू. ३६० च्या सुमारास दोन संवादांत अटलांटिस रचलं. दुसरा संवाद, ‘क्रिटियस’, अर्धवटच राहिला. पण त्यातला सैन्याचा हिशेब मात्र चोख आहे. बेटावरच्या मोठ्या मैदानाचे ६०,००० वाटे केलेले आणि प्रत्येक वाट्याच्या प्रमुखाने युद्धाला काय द्यायचं ते ठरलेलं: रथाचा सहावा हिस्सा, स्वारांसकट दोन घोडे, दोन जड हत्यारांचे शिपाई, दोन तिरंदाज, दोन गोफणवाले, दगड आणि भाले फेकणारे तीन-तीन आणि चार खलाशी. गुणाकार केला की खलाशी भरतात २,४०,०००. जहाजं १,२००. म्हणजे जहाजामागे २०० माणसं. अथेन्सच्या ट्रायरीमवर, म्हणजे वल्ह्यांच्या तीन रांगा असलेल्या युद्धनौकेवर, बरोबर एवढीच माणसं असत, त्यांतले १७० वल्हेकरी. प्लेटोने त्या दूरच्या बेटाला आपल्याच काळातलं आरमार देऊन टाकलं होतं! हे उमगलं आणि मला मोकळं वाटलं. किरण आणि स्फटिक मूळ कथेत नाहीतच. तिथे वल्ही ओढणारी माणसं आहेत. उदवेल मी त्यांच्यासाठीच लिहिते.

आता चिलखत. ग्रीसमधल्या डेंड्रा इथे १९६० साली एका थडग्यात ब्राँझचं अख्खं चिलखत सापडलं. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं, वजन पंधरा किलोंच्या पुढे. रथावर किंवा जमिनीवर ते उपयोगी पडेल. जहाज कलंडलं की तेच माणसाला तळाशी नेईल. इ. स. पू. ४८० मधल्या सॅलॅमिसच्या, म्हणजे ग्रीक आणि पर्शियन आरमारांच्या लढाईबद्दल ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की, जहाजं फुटली तेव्हा पोहता येणारे ग्रीक काठाला लागले आणि पर्शियन बाजूचे कितीतरी जण पोहता येत नसल्यामुळे बुडाले. ज्या लोकांचा सारा जन्म समुद्रावर जातो, ते अंगावर धातू चढवतील हे मला कधी पटलंच नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्राँझला तांब्याबरोबर कथील लागतं. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून इथे बुडालेल्या एका प्राचीन व्यापारी जहाजात सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथील मिळालं. हे दहास एक प्रमाण थेट ब्राँझच्या भट्टीचं आहे. उदवेलला तांबं आहे, कथील नाही. ते परक्यांकडून येतं, आणि भांडण झालं की यायचं थांबतं. मग हाती आहे तेवढं कथील कुठे खर्चायचं? इस्रायलच्या अथलित किनाऱ्यापाशी १९८० साली एका प्राचीन युद्धनौकेचं धडक मारायचं ब्राँझचं टोक मिळालं. वजन ४६५ किलो. एवढ्या धातूत डेंड्रासारखी पंचवीस तरी चिलखतं झाली असती. उदवेलच्या लोकांनी टोक निवडलं. त्यांच्या मते जहाज वाचलं तर सगळे वाचतात, आणि एकट्या माणसाला चिलखतात घालून वाचवायचं म्हणजे इतरांचं वाचणं हिरावून घ्यायचं. माझ्या सगळ्या गोष्टी या एका निवडीतून निघतात.

पोशाखही त्यातूनच आला. कमरेला आखूड वस्त्र, खांद्यावरून एक पट्टा, आणि गाठ कायम सुरगाठ, म्हणजे एका हिसक्यात सुटेल अशी. निरगाठ मारलेला माणूस वल्ह्यावर बसूच शकत नाही, तसा कायदा आहे. डोकं भादरलेलं, फक्त माथ्यावर एक लांब बट, कारण बुडणाऱ्याला धरून वर ओढायला तेवढी पुरते. भादरलेल्या डोक्याची कल्पना मला सँटोरिनी बेटावरच्या अक्रोतिरीतल्या भित्तिचित्रांवरून सुचली. ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या त्या गावात तरुणांची भादरलेली डोकी निळी रंगवलेली आहेत आणि मध्येच केसांच्या बटा सोडलेल्या आहेत. बट धरून ओढायचं मात्र माझं.

जांभळ्या रंगाबद्दलही विचारतात. म्युरेक्स नावाच्या समुद्री गोगलगायींपासून निघणारा तो राजेशाही रंग किती महाग असावा, याचा अंदाज एका प्रयोगावरून येतो: १९०९ साली १२,००० गोगलगायींपासून १.४ ग्रॅम रंग हाती आला होता. उदवेलमध्ये तो रंग फक्त मनगटावरच्या दोऱ्याला मिळतो. दोऱ्यावरच्या गाठींवरून जहाज ओळखायचं. प्रेत किनाऱ्याला लागलं तर ते कोणाच्या स्वाधीन करायचं, हे त्यावरून कळतं.

माणसं कशी दिसतात, याचं उत्तर मी जाणूनबुजून एकसारखं देत नाही. प्लेटोच्या बेटावर दहाही राजे एकाच रक्ताचे. पुढे १८८२ साली एका अमेरिकी लेखकाने जगातल्या साऱ्या थोर संस्कृती, अगदी इजिप्तपासून मध्य अमेरिकेपर्यंत, अटलांटिसच्याच लेकरांनी घडवल्या असं मांडलं. त्या मांडणीत ज्यांनी खरोखर दगड वाहिले आणि शहरं उभारली, त्यांचं श्रेय काढून घेतलं जातं. मला ते सहन होत नाही. बंदराचं गाव मिश्रच असतं, त्यामुळे उदवेलचे लोकही सर्व रंगांचे, सर्व ठेवणींचे आहेत. माणसाचा वेगळेपणा कामातून येतो. पाणबुड्यांच्या घराण्यांत प्लीहा (बुडी मारल्यावर रक्ताला जादा ऑक्सिजन पुरवणारा पोटातला अवयव) मोठी असते, आणि हे मनाचं नाही: आग्नेय आशियातल्या समुद्रावर राहणाऱ्या बजाऊ लोकांची प्लीहा शेजारच्या समाजापेक्षा सुमारे निम्म्याने मोठी असल्याचं २०१८ मध्ये दिसून आलं आहे.

हे पाणबुडेच माझे आवडते योद्धे, आणि त्यांत बायका पुष्कळ. त्याला आधार आहे. पर्शियन आरमार वादळात सापडलं असताना स्किलिस आणि त्याची मुलगी हिड्ना यांनी बुडी मारून जहाजांचे नांगर काढून टाकले, असं पॉसेनियस या प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकाराने नोंदवलंय. उदवेलच्या बहुतेक लढाया अशाच, पहाटेआधी, शत्रूच्या दोरखंडांवर होतात. उजाडल्यावर गोफणी चालतात, कारण दगड फुकट असतो. धडक सगळ्यात शेवटी, आणि तीही शक्यतो वल्ही मोडण्यापुरती. बेटावर लाकूड कमी आहे. जहाज बुडवण्यापेक्षा ओढून आणणं परवडतं.

प्लेटोकडून एक गोष्ट मात्र मी जशीच्या तशी घेतली. त्याचे राजे रात्री गडद निळी वस्त्रं नेसून, दिवे मालवून, विझत्या होमाशेजारी जमिनीवर बसतात आणि एकमेकांचा न्याय करतात. उदवेलमध्ये युद्ध संपलं की प्रत्येक जहाजाच्या नायकाला असं बसावं लागतं. समोर मेलेल्या वल्हेकऱ्यांचे जांभळे दोरे मांडलेले असतात, आणि एकेका दोऱ्याचा माणूस कसा गेला ते त्याने तोंडी सांगायचं असतं. चूक नायकाची ठरली तर त्याची बट कापतात. पुढची लढाई तो वल्ह्यावर बसून लढतो, आणि बुडाला तर त्याला धरून ओढायला काही उरलेलं नसतं. ही शिक्षा फार कठोर आहे असं मला बरेच वाचक कळवतात. ती बदलायचा माझा विचार नाही.