रिकाम्या पट्ट्यांवरचा धैवत

भूप रागात पाच स्वर आहेत, पण तो संगणकावर वाजवताना मला एका सप्तकात सात पट्ट्या लागतात. जास्तीच्या दोन पट्ट्यांवर मध्यम-निषाद नाहीत, कारण ते लागले तर भूपच उरणार नाही. कोमल रिषभाच्या आणि कोमल धैवताच्या ज्या पट्ट्या या रागात नुसत्या पडून असतात, त्यांवर मी दुसरा शुद्ध रिषभ आणि दुसरा शुद्ध धैवत बसवला आहे. ही युक्ती सुचायला मला जवळपास एक वर्ष लागले, आणि त्या वर्षात मी चुकीच्याच प्रश्नाचे उत्तर शोधत होते, असे आता वाटते.

माझा प्रश्न असा होता, की प्रत्येक स्वराची ‘खरी’ जागा कोणती. पेटीवर किंवा पियानोवर सप्तकाचे बारा समान भाग असतात. सप्तक १२०० सेंटचे (सेंट हे स्वरांतले अंतर मोजण्याचे माप) मानले, तर प्रत्येक पट्टीला १०० सेंट येतात आणि शुद्ध गंधार ४०० वर पडतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो मात्र षड्जाशी ५/४ या प्रमाणात, म्हणजे साधारण ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंटचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण काळी एकच्या, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, मंद्रातल्या षड्जाबरोबर (१३८.६ हर्ट्झ) पेटीचा गंधार धरून ठेवला, की षड्जाचा पाचवा आणि गंधाराचा चौथा उपस्वर (सुरातच दडलेले वरचे सूर) एकमेकांना घासतात आणि सेकंदाला साडेपाच वेळा थरथर ऐकू येते. गंधार ५/४ वर आणला की ती थरथर थांबते. ज्या दिवशी ती प्रथम थांबलेली ऐकली, त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांना बोलावून ऐकवले. कुणालाही काही फरक कळला नाही.

गंधार सुटला, आता बाकीचे स्वरही असेच सुटतील, अशी माझी समजूत होती. भूपाने ती मोडली. रिषभ ९/८ वर धरला तर तो पंचमाशी नेमका जुळतो. धैवत ५/३ वर धरला तर तो षड्जाशी आणि गंधाराशी नेमका जुळतो. पण या रिषभात आणि या धैवतात षड्ज-पंचम भाव, म्हणजे षड्ज आणि पंचम यांच्यातले ३/२ चे नाते, राहत नाही. त्यांच्यातले अंतर ७०२ सेंटऐवजी सुमारे ६८० सेंट येते, आणि दोन्ही स्वर एकदम वाजवले तर ते कुणाच्याही कानाला खुपते. धैवत २७/१६ पर्यंत चढवला तर रिषभाशी जमते, पण मग गंधाराशी बिघडते. म्हणजे अवघ्या पाच स्वरांच्या रागातही प्रत्येक स्वराला एकच जागा ठरवून सगळे संवाद सांभाळता येत नाहीत. भांडण नेहमी त्याच साडेएकवीस सेंटचे असते, म्हणजे ८१/८० या प्रमाणाचे. गाणारा ते आवाजाने, नकळत सोडवतो. हेच पाच स्वर घेणाऱ्या देशकारात धैवत चढा लावायचा असतो असे जाणकार सांगतात, ते यामुळे मला पटते. पट्टीला मात्र असे सरकता येत नाही, म्हणून तिला जोडीदार द्यावी लागते.

हे भांडण आपल्याकडे जुने आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवर, इंग्रजीत पुस्तक लिहिले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेऊन स्वरांची मोजमापे केली, आणि क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी तयार करवून घेतली. ती १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेपर्यंत गेली. पुढे १९४० पासून तीन दशके आकाशवाणीवर पेटीला बंदीच होती. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी प्रत्यक्षात आणली. या मंडळींना पेटीतल्या सुरांच्या पितळी जिभा घासून जे मिळवावे लागले, ते मला चार ओळींच्या मजकुरात मिळते, याची मला थोडी लाजच वाटते.

तो मजकूर म्हणजे स्काला पद्धतीची फाईल. मानुएल ओप दे काउल यांच्या स्काला या प्रोग्रॅममुळे ती रूढ झाली आणि आज बहुतेक सूक्ष्मस्वरी सिंथेसायझर ती वाचतात. त्यांपैकी मी सर्ज एक्सटी वापरते, कारण तो विनामूल्य आहे आणि त्याचा मूळ कोडही खुला आहे. फाईलमध्ये आधी वर्णन, मग स्वरांची संख्या, आणि त्यानंतर एकेका ओळीत एकेक स्वर असतो. षड्ज गृहीत धरलेला असल्याने तो लिहायचा नसतो. आकड्यात दशांशचिन्ह असेल तर तो सेंट मानला जातो, नसेल तर प्रमाण. माझ्या पहिल्या फाईलमध्ये मी पंचमासाठी नुसते ७०२ लिहिले. संगणकाने आज्ञाधारकपणे षड्जाच्या सातशे दोन पट कंपनांचा स्वर मागितला, आणि त्या पट्टीतून पंचम काही निघेना. केबल, स्पीकर, आवाजाची जोडणी हे सगळे तपासण्यात एक संध्याकाळ गेली. उणीव एका टिंबाची होती.

दुसरी चूक बैठकीत झाली, म्हणून ती अधिक लक्षात राहिली. स्वरांच्या फाईलबरोबर पट्ट्यांच्या मांडणीची एक वेगळी फाईल असते. कोणत्या पट्टीपासून सप्तक सुरू करायचे हे तीत एका ठिकाणी सांगायचे असते, आणि कोणत्या पट्टीची कंपनसंख्या ठरलेली आहे हे दुसऱ्या ठिकाणी. ज्यांना मी साथ करते त्या ताई काळी एकमध्ये गातात, म्हणून मी सप्तकाची सुरुवात काळी एकवर आणली. ठरलेली कंपनसंख्या मात्र पूर्वीचीच, म्हणजे पांढऱ्या सहाच्या पट्टीला ४४० हर्ट्झ, अशी राहिली. काळी एकपासून मोजले तर ती पट्टी कोमल धैवताची होते. कोमल धैवत माझ्या तक्त्यात ८/५ वर होता, म्हणून षड्ज २७५ हर्ट्झवर आला, आणि तंबोऱ्याचा षड्ज २७७.२ वर होता. जेमतेम चौदा सेंटचा हा फरक. ताईंनी पहिला षड्ज लावला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, तुझी पेटी उतरली आहे का?” संगणकातली पेटी उतरत नाही, हे त्यांना तेव्हा समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. तेव्हापासून मी ठरलेली कंपनसंख्या नेहमी षड्जालाच देते, आणि तोही आकडा तंबोऱ्याशी कानाने जुळवून मगच कायम करते.

आवाजाची निवडही वाटते तितकी मोकळी नाही. सिंथेसायझरच्या तयार आवाजांपैकी बहुतेकांत दोन-तीन आवाज एकमेकांपासून किंचित हलवून भरलेले असतात, कारण त्याने आवाज भरदार होतो. ते हलवणे दहा सेंटचे असेल, तर साडेएकवीस सेंटच्या श्रुतीचा प्रश्नच पुसट होतो आणि सगळी मेहनत त्या गोड धुक्यात विरते. म्हणून मी ते बंद करते, कोरस बंद करते, आणि घुमाराही अगदी कमी ठेवते. उलट टोकाला, ज्यात उपस्वरच नाहीत असा अगदी साधा सूर घेतला, तर गंधार चढा असो की उतरा, थरथर ऐकूच येत नाही आणि कान कशाचा आधार घ्यावा हे त्याला कळत नाही. पेटीच्या सुरासारखा, उपस्वरांनी भरलेला पण न हलणारा आवाज मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

मिंडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, वाटेला मी फारशी जात नाही. स्वर वाकवण्याचे चाक डावीकडे असते आणि ते पुरेसे बारीक असते. दोन्ही बाजूंना दोनशे सेंटचा पल्ला ठेवला, तर त्या दोनशे सेंटचे आठ हजारांहून अधिक टप्पे पडतात. अडचण अशी, की साध्या मिडीमध्ये (पट्ट्यांचे संदेश संगणकाला पोचवणाऱ्या पद्धतीत) चाक फिरवले की त्या वाहिनीवरचे सगळे स्वर वाकतात, म्हणजे खाली धरलेला षड्जही गंधाराबरोबर डुलू लागतो. प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी देणारी एमपीई ही पद्धत २०१८ मध्ये मान्य झाली आणि तिने ही अडचण सुटते, पण तिच्यासाठी पट्ट्याही तशाच, बोट हलवले की ओळखणाऱ्या लागतात. दरबारीचा आंदोलित गंधार अशा पट्ट्यांवर काढणारे वादक मी ऐकले आहेत. मला तो येत नाही, आणि न येणारा गंधार हलवण्यापेक्षा तो ताईंच्या गळ्यासाठी मोकळा सोडणे मी पसंत करते.

जमले ते रिकाम्या पट्ट्यांचे. यमनात सात स्वर लागतात आणि पाच पट्ट्या मोकळ्या राहतात, त्यांपैकी दोन मी रिषभ-धैवतासाठी घेते. नेहमीच्या पट्टीवर नेहमीचा धैवत ठेवायचा आणि शेजारच्या कोमल धैवताच्या पट्टीवर क्वचित लागणारा, हा नियम मात्र कडक पाळावा लागतो, कारण द्रुत लयीत बोटे विचारून चालत नाहीत. सुरुवातीचे दोन महिने ‘कोमल’ पट्टीतून शुद्ध धैवत निघाला की मीच दचकत असे.

पण बैठक भैरवीने संपते, आणि ताई भैरवीत बाराही स्वर घेतात. तिथे एकही पट्टी मोकळी नसते. पायाच्या पेडलने तक्ता बदलून पाहिला, तर धरलेला स्वर मध्येच सरकला, आणि त्याच वेळी ताई नेमक्या त्या स्वरावर थांबल्या होत्या. बारा पट्ट्यांचा एकच तक्ता ठेवावा, तर कुठली तरी एक जोडी साडेएकवीस सेंटनी फसते आणि ती बरोबर समेवर सापडते. पेटी सगळीकडेच थोडी थोडी बेसूर आहे, तिचा कोमल गंधार सोळा सेंटनी उतरलेला आहे, पण तिची चूक सगळ्या स्वरांत वाटली गेल्याने कुठेच अचानक टोचत नाही. म्हणून भैरवीची वेळ झाली की मी संगणकात तंबोरा तेवढा चालू ठेवते आणि मागे ठेवलेली आजोबांची पेटी पुढे ओढते.