उजवीकडे जाणारी गोळी

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात येतात ती मोजणीची यंत्रं. ऑटो लेव्हल, थिओडोलाइट, टोटल स्टेशन, म्हणजे बांधकामावर उंची, कोन आणि अंतर मोजणाऱ्या दुर्बिणी. मेट्रोच्या कामावरून, उलव्याच्या बाजूच्या साइटवरून, कधी भिवंडीच्या गोदामांच्या बांधकामावरून. कुणाचं यंत्र ट्रायपॉडसकट आडवं झालेलं असतं, कुणाच्या लेन्सवर पावसाळ्यात बुरशी चढलेली असते. साफ करायचं, बबल जुळवायचा, कॉलिमेशन, म्हणजे दुर्बिणीची नजर सरळ आहे ना, ते तपासायचं आणि सर्टिफिकेट द्यायचं, हे आमचं काम. रायफलचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, माझ्या टेबलावर पहिल्यांदा आला तो गणपतीच्या आधीच्या आठवड्यात.

घेऊन आली ती आमच्या सोसायटीतल्या वहिनींची भाची. इंग्लंडमध्ये नोकरी करते आणि तिथे बिस्लीच्या रेंजवर एफ-क्लास नेमबाजी करते. हा खेळ आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. पालथं झोपून, बायपॉडवर, म्हणजे दोन पायांच्या टेकूवर, किंवा तशाच आधारावर रायफल टेकवून, स्कोपमधून ३०० यार्डांपासून १००० यार्डांपर्यंत आणि त्याच्याही पुढे लक्ष्य साधायचं. तिच्या एफ-टीआर गटात .३०८ विंचेस्टर किंवा .२२३ रेमिंग्टन या दोनच काडतुसांना परवानगी आहे. १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर, आणि तिथलं सर्वांत आतलं वर्तुळ ५ इंचांचं. रायफल अर्थातच तिकडे, कायद्याप्रमाणे कुलूपबंद कपाटात. सोबत आणला होता फक्त स्कोप आणि एक जाडजूड वही.

"काका, माझी गोळी उजवीकडे जाते," ती म्हणाली. "३०० ला काही कळत नाही. ६०० ला थोडी जाते, १००० ला मिनिटभर. क्लबमधले म्हणतात, तुला वारा वाचता येत नाही."

मिनिट म्हणजे कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग. १००० यार्डांवर एका मिनिटाचे साडेदहा इंच होतात, जवळजवळ २७ सेंटिमीटर. क्लबमधल्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. .३०८ च्या गोळीला तेवढ्या अंतरावर २७ सेंटिमीटर ढकलायला ताशी दीड-दोन किलोमीटरचा आडवा वारा पुरतो. एवढा वारा गालालाही नीट जाणवत नाही. रेंजवर निशाणं लावलेली असतात, पण त्यांच्या फडफडीतून इतका बारीक फरक ओळखायला वर्षं लागतात. ती चार वर्षं स्वतःलाच दोष देत होती. वाऱ्यावरचे लेख वाचत होती, सुट्टीच्या दिवशी रेंजवर जाऊन नुसती निशाणं बघत बसत होती.

मी आधी वही मागितली. यंत्र उघडण्याआधी त्याचं फील्ड बुक बघायचं ही आमच्या धंद्यातली जुनी शिस्त, आणि या मुलीचं फील्ड बुक बघून मला फार आनंद झाला. प्रत्येक गोळीची जागा, वाऱ्याची दिशा, टरेटवर, म्हणजे नेम सरकवायच्या नॉबवर, किती क्लिक दिले, तापमान, सगळं नीट मांडलेलं. उजव्या पिळाच्या नळीतून सुटलेली गोळी फिरता फिरता आपोआप थोडी उजवीकडे सरकते. त्याला स्पिन ड्रिफ्ट म्हणतात, आणि १००० यार्डांवर तो २० सेंटिमीटरच्या आसपास भरतो. तोही तिने कोष्टकावरून वजा केला होता. मिनिटभर उरत होतं ते त्यानंतरचं.

पानं उलटताना मला एक गोष्ट दिसली आणि मी पुन्हा मागे गेलो. डावीकडून वारा होता त्या दिवशी गोळ्या उजवीकडे. म्हणजे वारा कमी धरला, नेम वाऱ्याच्या दिशेला पुरेसा सरकवला नाही. उजवीकडून वारा होता त्या दिवशीही गोळ्या उजवीकडेच. म्हणजे वारा जास्त धरला. ज्या माणसाला वारा वाचता येत नाही तो कधी इकडे चुकेल, कधी तिकडे. वारा कुठूनही येवो, चूक कायम एकाच बाजूला आणि जवळजवळ तेवढीच, हे माणसाच्या चुकीचं लक्षण नाही. हे यंत्राचं लक्षण आहे. मी तिला ते दाखवलं तर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मग क्लिक चुकतायत का?"

ते तपासायला आमच्याकडे चांगली सोय आहे. काँक्रीटच्या खांबावर कायमचा बसवलेला एक जुना विल्ड टी-२ थिओडोलाइट आहे, स्वित्झर्लंडमधल्या हेरब्रुगचा. तो कोनाचा एक सेकंद वाचतो, म्हणजे मिनिटाचा साठावा भाग. तिच्या स्कोपचा एक क्लिक होता पाव मिनिटाच्याही निम्मा, साडेसात सेकंदांचा. थिओडोलाइट अनंतावर फोकस केला आणि स्कोपचा पॅरॅलॅक्सचा, म्हणजे अंतराप्रमाणे फोकस जुळवायचा, नॉबही अनंतावर ठेवला. दोघांना समोरासमोर आणून स्कोपच्या डोळ्याकडच्या बाजूला बटर पेपर आणि दिवा लावला की थिओडोलाइटमधून थेट स्कोपचा क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायच्या उभ्या-आडव्या रेघांची फुली, दिसतो. त्यासाठी शंभर मीटरचं मैदान लागत नाही, गोळी तर नाहीच. मग टरेट फिरवायचा आणि क्रॉसहेअर खरोखर किती सरकला ते थिओडोलाइटच्या वर्तुळावर वाचायचं.

दिवसा हे जमलं नाही. बाहेर ट्रक गेला की क्रॉसहेअर थरथरायचा. शेजारचा प्रेस बंद झाल्यावर, संध्याकाळी सात-साडेसातला आम्ही बसलो. बाहेर पाऊस धो धो.

आधी झूम कमी-जास्त करून पाहिलं, केंद्र हललं नाही. मग उंचीचा टरेट. तिच्या काडतुसाला १०० यार्डांच्या झीरोवरून, म्हणजे १०० यार्डांसाठी जुळवलेल्या नेमावरून, १००० वर जायला ३२ मिनिटं चढवावी लागत, म्हणजे २५६ क्लिक. ती मोजत होती, मी वाचत होतो. भरले ३२ मिनिटं ४ सेकंद. परत खाली आणलं, दोन सेकंदांच्या आत मूळ जागी. स्कोप प्रामाणिक होता. तिचा चेहरा मात्र उतरला, कारण आता दोष पुन्हा तिच्याकडेच येणार असं तिला वाटलं.

मी म्हटलं, थांब, आपण फक्त उभं मोजलंय. आडवं अजून बघितलेलंच नाही.

थिओडोलाइट नीट लेव्हल केला की त्याची दुर्बीण वरखाली झुकवताना ओळंब्याच्याच रेषेत चालते. म्हणून मी आधी स्कोप व्ही-ब्लॉकमध्ये, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात, हळूहळू फिरवून त्याची उभी रेघ थिओडोलाइटच्या चालीशी जुळवली. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत रेघ केंद्रावरून हलली नाही. म्हणजे रेटिकल, स्कोपमधल्या या रेघांची आकृती, आता अगदी ओळंब्यात. तिने घरी रायफलवर स्कोप बसवताना हेच केलं होतं, भिंतीवर दोरी टांगून. सगळे तसंच करायला सांगतात. आता पुन्हा २५६ क्लिक. या वेळी मी आडवं वर्तुळ वाचलं.

५७ सेकंद.

क्रॉसहेअरचं केंद्र सरळ चढतच नव्हतं, चढताना बाजूला जात होतं. ३२ मिनिटांच्या चढाला ५७ सेकंदांचा आडवा सरक म्हणजे पावणेदोन अंशांच्या आत-बाहेरचा तिरकेपणा. टरेट प्रतिमेला ज्या रेषेत हलवतो ती रेषा आणि रेटिकलची उभी रेघ, या दोन एक असायला हव्यात. या स्कोपमध्ये त्या नव्हत्या, बहुधा काचेवरचं रेटिकल बसवतानाच किंचित फिरलेलं होतं. तिने जितक्या काळजीने रेघ ओळंब्यात घेतली, तितकी टरेटची चाल नेमकी तिरकी झाली.

हिशेब तिनेच केला, वहीच्या मागच्या पानावर. ३०० यार्डांना चार मिनिटांचा चढ, सरक जेमतेम १ सेंटिमीटर. ६०० ला तेरा मिनिटं, ६ सेंटिमीटर. १००० ला २५. वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिलं तर ओळीने जुळत गेलं. अंतर वाढेल तसा वाऱ्याचा परिणामही असाच झपाट्याने वाढतो, स्पिन ड्रिफ्टही. तीन वेगळ्या गोष्टी एकाच चेहऱ्याने समोर येत होत्या, आणि रेंजवर त्यांना वेगळं करणं सोपं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. मी चहा सांगितला.

आता दुरुस्ती. स्कोप उघडून रेटिकल फिरवायचं मी नाकारलं. आत नायट्रोजन भरून सील केलेलं असतं. ठाण्याच्या ऑगस्टच्या हवेत ते उघडलं तर ओल आत जाऊन बसेल आणि पुढे बुरशी धरेल. परत नायट्रोजन भरायची सोय माझ्याकडे नाही. आणि तशी गरजही नव्हती. तिच्या खेळात उंची कायम टरेटने द्यायची असते, म्हणून ओळंब्यात टरेटची चाल हवी. रेघ किंचित तिरकी दिसली तर चालेल. वाऱ्यासाठी ती आडव्या रेघेवर बाजूला धरते, पण तीन मिनिटं बाजूला धरलं तरी त्या तिरकेपणाने उंचीत पडणारा फरक मिनिटाच्या दहाव्या भागाहून कमी. गोळ्यांच्या नेहमीच्या विखुरण्यात तो दिसणारही नाही.

म्हणून स्कोप पुन्हा फिरवला. या वेळी रेघेकडे न बघता, वरपासून खालपर्यंत क्लिक देऊन आडवा सरक शून्यावर येईपर्यंत. तीन-चार सेकंदांवर आल्यावर थांबलो. त्याच स्थितीत नळीवर चिमट्याचा छोटा बबल बसवला, मध्यावर आणला आणि स्क्रू पक्का केला. तिला सांगितलं, "आता घरी गेल्यावर दोरी टांगू नकोस. या बबलवर विश्वास ठेव. बबल मध्ये ठेवून स्कोप रिंगमध्ये आवळ, आणि गोळी सोडताना दर वेळी तो मध्ये आहे का ते बघ." रिंगचे स्क्रू आळीपाळीने, टॉर्क रेंचनेच आवळायला सांगितले, एका बाजूचे आधी आवळले तर नळी रिंगमध्ये फिरते आणि सगळी मेहनत जाते.

"रेघ तिरकी दिसेल, काका. मला सारखं खुपेल."

खुपणारच. दहा मिनिटं ती स्कोपला डोळा लावून त्या रेघेची सवय करत बसली होती.

पैसे घेतले नाहीत. मोजणीचे कागद मात्र रीतसर दिले, आकडे आणि सहीशिक्क्यासकट, क्लबात दाखवायला.

सप्टेंबरअखेर तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. १००० यार्ड, वारा बदलता. गोळ्या काही डावीकडे होत्या, काही उजवीकडे. गुण फार वाढलेले नव्हते. पण खाली तिने लिहिलं होतं की आता वारा चुकला तर दोन्ही बाजूंना चुकतो, आणि त्यामुळे कुठल्या वाऱ्यात आपण कमी धरतो आणि कुठल्यात जास्त, हे पहिल्यांदाच समजायला लागलंय. क्लबमधल्या दोघांनाही आपले स्कोप मोजून हवेत, पुढच्या वेळी घेऊन येऊ का, असं विचारलंय. मी कळवलं, जरूर आण, आणि स्कोपबरोबर त्यांच्या वह्याही आण.