जिप्सीतून काय काय उतरवलं

सैन्यातून निघालेली गाडी तुमच्या-आमच्यासारख्याने घेतली की पहिलं काम तिचा गणवेश उतरवण्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१ वा नियम स्पष्ट आहे : ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. त्यामुळे दाजींनी घेतलेली मारुतीची जीपवजा जिप्सी भांडुपच्या गॅरेजात आली ती थेट घासकामाला. लिलावाचं पत्र, डेपोतून गाडी सोडल्याचा आदेश, आरटीओची तपासणी, नवा नंबर, आरसीवर नव्या रंगाची नोंद... ही कहाणी ज्याने भोगली त्याला सांगायला नको आणि ज्याने भोगली नाही त्याला ती पटायची नाही. पुढे जाऊ.

घासकाम बघायला मात्र मी मुद्दाम जाऊन बसायचो. हिरव्या रंगाखाली हिरवाच रंग, त्याखाली आणखी एक, जरा काळपट. मडगार्डवर चाकाच्या बरोबर वर पांढऱ्या स्टेन्सिलने ‘टीपी’ आणि पुढे आकडा. म्हणजे टायर प्रेशर. ड्रायव्हर बदलो, तुकडी बदलो, हवा किती भरायची ते गाडीच्या अंगावरच लिहिलेलं. मागे वाकून पाहिलं तर डिफरन्शियलचा, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरपेटीचा, गोळा पांढरा फासलेला आणि त्यावर रोखलेला एक चिमुकला दिवा. रात्री ताफा निघतो तेव्हा हेडलाइट बंद असतात. मागच्या ड्रायव्हरने पुढच्या गाडीचा हा पांढरा गोळा बघत चालायचं. वरून विमानाला काही दिसत नाही. रंगारी तो गोळाही काळा करायला निघाला होता, दाजींनी त्याचा ब्रश धरला. नियमात गोळ्याबद्दल अक्षर नाही.

बेत होता राजस्थानचा. जैसलमेरच्या पुढे, रामगढपल्याडच्या धोऱ्यांमध्ये, म्हणजे वाळूच्या टेकड्यांमध्ये, तंबू ठोकून राहायचं. जीपसफारीवाल्यांच्या गर्दीत नाही, जिथे दिवसभरात एखादा मेंढपाळ दिसला तर दिसला अशा ठिकाणी. दाजी, मी, माझा भाचा आणि दाजींचे डोंबिवलीचे एक मित्र त्यांची स्वतःची जिप्सी घेऊन. एकट्या गाडीने वाळूत उतरायचं नाही, यावर आमचं सगळ्यांचं एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं.

जिप्सी १९८५ साली बाजारात आली आणि नव्वदच्या दशकात सैन्यात शिरली. नागरी बाजारातून २०१९ मध्ये गेली. सैन्याच्या परिभाषेत ती ‘जीएस ५००’ वर्गातली, म्हणजे पाचशे किलो वाहणारी. नंतर सैन्याला आठशे किलोवाली हवी झाली आणि टाटा सफारी स्टॉर्म आली. पण वाळूपुरतं बोलायचं तर जिप्सीचं मोठेपण तिच्या वजनात आहे. कापडी टपाची जिप्सी रिकामी असताना हजार किलोंच्याही आत भरते. आजची कुठलीही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी, घ्या, तिच्याहून कितीतरी जड निघेल. वाळूला तुमच्या इंजिनाची ताकद कळत नाही, फक्त चाकाखालचा भार कळतो.

हे मला सांगितलं गॅरेजवाल्या हवालदार काकांनी. काका सातारचे, सैन्याच्या ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या आणि यंत्रं सांभाळणाऱ्या शाखेत उमर काढलेली, बाडमेरच्या बाजूला पोस्टिंग झालेलं. दाजींनी त्यांच्यासमोर यादी ठेवली : टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर तंबू, पुढे जाड बंपर, बंपरमध्ये विंच, चार बाजूंना दिवे, मागे ड्रॉवरवालं फळकूट. काकांनी चष्मा लावून यादी शेवटपर्यंत वाचली.

“पाव्हणं, लगीन हाय का गाडीचं?”

मग त्यांनी विंचवर बोट ठेवलं. “ही कशाला बांधणार तिथं?” विंचचा दोर झाडाला किंवा खडकाला बांधायचा आणि गाडीने स्वतःला ओढून घ्यायचं, ही तिची रीत. धोऱ्यांवर झाड कुठलं? फार तर स्टेपनी खड्ड्यात पुरून तिला दोर बांधता येतो, पण तेवढं खणायची तयारी असेल तर तेवढ्या खणण्यात चाकंही मोकळी होतात. तीस-चाळीस किलो लोखंड नाकावर लादायचं, त्यानेच पुढची चाकं रुतवायची आणि मग तेच लोखंड ती काढू शकत नाही म्हणून हळहळायचं. विंच गेली. बंपर गेला. कॅरिअरवर दाजी बराच वेळ अडून बसले होते. टपावर भार चढला की उतारावर गाडी आडवी झोपायची भीती, हे काकांनी काडेपेटी टेबलावर कलती करून दाखवलं, तेव्हा कॅरिअरही गेलं. उलट काकांनीच विचारलं, मागच्या समोरासमोरच्या दोन बाकांपैकी एक काढू का? काढलं.

मग वजनाचा हिशेब मांडला. पाणी लिटरला किलो, त्यात सूट नाही. माणशी दिवसाला पाच लिटर पिण्या-शिजवण्याचं धरलं. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे वीस लिटरच्या डब्यात पंधरा किलो आणि डबा वेगळा. जिप्सीची टाकी चाळीस लिटरची. हायवेला ठीक, पण लो गिअरमध्ये वाळू तुडवताना ती लिटरला पाच-सहाच्या पुढे जात नाही असं धरून चालायचं. म्हणजे टाकीभर पेट्रोलात जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. त्यावर दोन डबे, बस. ते जेरीकॅन चोरबाजारात मिळाले. वर तीन मुठी असलेले, जर्मन सैन्याने दुसऱ्या महायुद्धाआधी काढलेल्या नमुन्याचे. मधली मूठ एकट्याने धरायला. बाजूच्या दोन मुठींमुळे भरलेला डबा दोघांना मिळून नेता येतो, आणि रिकामे असले तर एका हातात दोन डबे येतात. दुकानदाराने एका डब्यात पाणी भरून तो उलटा करून दाखवला. थेंब नाही. मी दुसराही उलटा करायला लावला, तो गळला. तिसरा घेतला.

टायरच्या बाबतीत मुंबईभर एकच सल्ला मिळाला : मड टायर घ्या, खोल गोट्यांचे, दिसतातही झकास. चिखलात ते उत्तम. वाळूत मात्र तेच गोटे फावड्यासारखे खाली खणत जातात. आम्ही २०५/७० आर १५ मापाचे, मध्यम नक्षीचे आणि मऊ कडेचे घेतले, कारण वाळूत खरी युक्ती हवा कमी करण्याची. अठ्ठावीस पीएसआयची हवा पंधरा-सोळावर आणली की टायर लांबीला पसरतो आणि तोच भार जास्त जागेवर वाटला जातो. त्याखाली गेलं तर वळताना टायर रिमवरून निसटण्याची धास्ती. म्हणजे हवा काढायला चांगला गेज हवा आणि डांबरी रस्त्यावर परत येताना भरायला कंप्रेसर. ही दोनच खरेदी अशी होती, ज्यांना काकांनी ‘हं’ म्हटलं.

बाकीचे फेरे नेहमीचे. ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांत फॅनबेल्ट, होज पाइप, पेट्रोलच्या नळ्या. नळ्या सगळ्याच बदलल्या, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. रेडिएटर खोलून त्याला रॉड मारला, म्हणजे आतल्या नळ्या सळईने साफ केल्या. वाळूत इंजिन ओरडत असतं, गाडी मात्र रांगत असते. जाळीला समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा थर्मोस्टॅट आधीच्या कुणीतरी काढून फेकला होता, मुंबईच्या हवेत तो कुणाला आठवतो? थारच्या जानेवारीच्या पहाटेसाठी काकांनी तो परत बसवला. नागदेवी स्ट्रीटवर डी-शॅकल, म्हणजे दोर अडकवायच्या लोखंडी कड्या, आणि ओढायचा नायलॉनचा दोर. दुकानदार स्टीलच्या वायररोपचा आग्रह धरत होता, स्वस्तही होता. पण नायलॉन ताणला जातो, झटका पचवतो. वायररोप ताणाखाली तुटला तर माणूस चिरत जातो. दारुखान्यात मोडीतल्या मालात अॅल्युमिनियमच्या जाळीचे दोन पट्टे मिळाले, रुतलेल्या चाकाखाली घालायला. आणि एक जाड फळी. जॅक वाळूवर ठेवला की गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो, म्हणून तो फळीवर ठेवायचा. ही फळी वसईच्या वखारीतली, अख्ख्या यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू.

भाच्याने सॅटेलाइट फोनचा विषय काढला. आपल्याकडे परवान्याशिवाय तो बाळगणं हा गुन्हा आहे, सीमेजवळ तर विचारूच नका. सीमेलगतच्या काही गावांत जायलाही प्रशासनाची लेखी परवानगी लागते. ती काढली आणि कुठून कुठे जाणार, कधी परतणार ते रामगढच्या एका ढाबेवाल्याकडे कागदावर लिहून ठेवलं. याहून भरवशाचं यंत्र मला ठाऊक नाही.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. घोडबंदर, मनोर, चारोटी, मग गुजरात. अहमदाबादपर्यंत सव्वापाचशे किलोमीटर. पुढे मेहसाणा, थराद, सांचोर, बाडमेर. ऐंशीच्या वर गेलं की कापडी टप फडफडतो आणि शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. पाट्यांच्या स्प्रिंगवरची गाडी, रस्त्याच्या प्रत्येक जोडाला दणका. बाडमेर सोडल्यावर दोन्ही बाजूंना जमीन सपाट होत गेली, खेजडीची झाडं विरळ झाली आणि दाजींनी प्रथमच गाणी बंद केली.

रामगढच्या पुढे डांबर सोडलं तिथे चारही चाकांची हवा काढली. पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवून ‘लॉक’वर आणायचे, मग आतला छोटा दांडा ओढून फोर बाय फोर, लो. आम्हाला वाट दाखवायला गावातला एक मेंढपाळ दाजींच्या शेजारी बसला होता. त्याने पहिल्याच धोऱ्याला हात वर केला : इथून नाही. तिथे सेवण गवत होतं, विरळ, पिवळट, कुणालाही वाळलेलं वाटेल असं. त्याच्या गुरांचा चारा तोच आणि वाळू धरून ठेवणाऱ्या मुळ्याही त्याच. चाकं एकदा तिथून गेली की वाळू सुटते. जैसलमेरजवळच्या सम गावाच्या बाजूला सफारीच्या जीपा उतारांवर घसरगुंड्या करताना मी पाहिल्या आहेत, तेव्हापासून ‘ड्यून बॅशिंग’ या शब्दाने माझं डोकं उठतं. शिवाय तो सारा भाग डेझर्ट नॅशनल पार्कला लागून, म्हणजे माळढोक पक्ष्याचा. सोलापूरजवळच्या नान्नजला आपण माळढोक कसा गमावत आणला ते आठवलं की इथे गाडी आखलेल्या वाटेवरून काढणं जड जात नाही. मेंढपाळाने लांबून वळसा घालून नेलं, उघड्या वाळूतून.

रुतलो का? रुतलोच. डोंबिवलीवाल्यांची गाडी. एका धोऱ्याच्या माथ्याशी त्यांनी ब्रेक लावला आणि चाकांपुढे वाळूची भिंत उभी राहिली. वाळूत थांबायचं तर ब्रेक न लावता, नुसता अॅक्सिलरेटर सोडून, शक्यतो तोंड उताराकडे करून. पुन्हा निघताना त्यांनी रेस दिली आणि गाडी अॅक्सलपर्यंत बसली. त्यांच्या टपावर कॅरिअर होतं, त्यावर दोन स्टेपन्या, गॅसची शेगडी, खुर्च्या. दाजी काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. आधी सगळं टपावरून उतरवलं. मग चाकांपुढची वाळू हातांनी आणि फावड्याने ओढली, पोटाखालची तर पालथं पडून. हवा आणखी दोनने कमी. जाळीचे पट्टे चाकांखाली, नायलॉनचा दोर आमच्या गाडीला. दुसऱ्या झटक्यात ती निघाली. दुपारची तापलेली वाळू भुसभुशीत असते. मेंढपाळ म्हणाला ते खरं निघालं : तोच धोरा दुसऱ्या दिवशी पहाटे, गार आणि दवाने किंचित ओलसर असताना, आम्ही गप्पा मारत चढलो.

परतताना लोंगेवालाला थांबलो. ५ डिसेंबर १९७१ च्या पहाटे इथे मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या कंपनीने, सव्वाशेच्या आतबाहेर माणसांनी, पाकिस्तानी रणगाड्यांचा हल्ला थोपवून धरला. उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. पण त्याआधीच कितीतरी रणगाडे वाट सोडून मऊ वाळूत शिरले होते आणि रुतून बसले होते. तिथे ठेवलेल्या रणगाड्याच्या पट्ट्यावर भाच्याने हात ठेवला आणि विचारलं, याची हवा किती कमी करायची?

डांबरावर येऊन कंप्रेसर लावला. आठ चाकं, वर डोंबिवलीवाल्यांच्या दोन स्टेपन्या. विलायती बाभळीचा काटा एका टायरच्या कडेत घुसलेला सापडला, तो जैसलमेरला काढला. भांडुपला काकांनी ब्रेकचे ड्रम उघडले, झटकले आणि आतल्या लायनर दाखवल्या : वाळूने कडेकडेने झिजवलेल्या. एअर फिल्टरची मूठभर धूळ त्यांनी कागदावर ओतून ठेवली. त्यानंतरचं बिल मी सांगत नाही.

आता दाजींच्या डोक्यात कच्छचं मोठं रण आहे. तिथे वाळू नाही, वरून मिठाची पापडी आणि खाली चिखल. पापडीने भार पेलला तर पेलला, नाहीतर सरळ खाली. त्यांनी परवा गाडी वजनकाट्यावर नेऊन आणली. उरलेलं बाक काढायचं की काकांनी मारलेले जादा वेल्डिंगचे तुकडे, यावर सध्या घरात वाद चालू आहे.