झोन एक छापायचा राहिला का?

मे महिन्यात आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तक पडताळणी काढली होती. बाहेर बेचाळीस अंश. रीडिंग हॉलच्या कूलरमध्ये पाणी नाही, कारण सकाळी येणारा टँकर आलाच नाही. आणि आम्ही दोघं, मी आणि आमचे मामा, दाखल रजिस्टर घेऊन एकेक कपाट उतरवत होतो. (मामा म्हणजे ग्रंथालयातले शिपाई. पोरं त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. वयानं ते माझ्यापेक्षा लहान आहेत.) मी नंबर वाचायचा, मामांनी पुस्तकाला हात लावून "हाय" म्हणायचं. "न्हाई" आलं की लाल पेन.

संदर्भ विभागातलं पुस्तक घरी देत नाहीत, तरी सगळ्यात जास्त "न्हाई" तिथंच निघतात. पुस्तक जागेवर असतं, आतलं गेलेलं असतं. स्टीम टेबलच्या, म्हणजे वाफेच्या तक्त्यांच्या पुस्तकाच्या, शेवटच्या कप्प्यातला घडीचा चार्ट मी गेल्या दहा वर्षांत पाहिलेला नाही. हवेतल्या ओलाव्याचा सायक्रोमेट्रिक चार्ट ब्लेडनं इतका सफाईनं कापलेला असतो की मुळाशी बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. कोइमतूरच्या पीएसजी कॉलेजचं डिझाइन डेटा बुक परीक्षेच्या महिन्यात कपाटात कमी आणि टेबलांवर जास्त दिसतं. त्याच्या कडा बोटांच्या मळानं काळ्या झाल्यात. मला ते बघून बरं वाटतं. कोरी कडा असलेलं हँडबुक म्हणजे तपासणी समितीसाठी घेतलेलं हँडबुक, हे मी लांबूनही ओळखतो.

समिती आली की ती मोजते. टायटल्स किती, व्हॉल्यूम्स किती. म्हणून आमच्याकडं वर्षानुवर्षं काहीच बाद होत नव्हतं. वाळवीनं अर्धं खाल्लेलं पुस्तकसुद्धा आकड्यात एक धरायचं. यंदा मात्र उलटं झालं. नव्या कपाटांना जागा हवी म्हणून वरून निरोप आला, जुन्या आवृत्त्यांची निर्लेखनाची, म्हणजे रजिस्टरमधून बाद करायची, यादी करा, आठ दिवसांत. मोजायला हवीत तेव्हा सगळी हवीत, जागा हवी तेव्हा एकही नको. मी काही बोललो नाही. यादी करायला बसलो.

तिसऱ्या दिवशी मामा आयएस कोडचा गठ्ठा घेऊन आले. इंजिनिअरिंगच्या बाहेरच्या माणसाला सांगायचं तर हे कोड म्हणजे बांधकामाचे, यंत्रांचे, मालाच्या दर्जाचे राष्ट्रीय नियम. बहुतेक पातळ पुस्तिका असतात. काँक्रीटचा ४५६ पोरांना तोंडपाठ असतो. बाकीचे नंबर परीक्षेच्या आदल्या दिवशी आठवतात. गठ्ठ्याला सुतळी बांधलेली, सुतळीच्या खाली कागद पिवळा राहिलेला आणि बाकी सगळा तपकिरी. वरच्याच पुस्तिकेच्या पाठीवर आमच्याच लेबलावर ६२४.१७६२. भूकंपरोधक बांधकामाचा ड्युई नंबर, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायचा आकडा. आत आयएस १८९३, साल १९८४. मुखपृष्ठावर अजून इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनचं नाव होतं. ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्स १९८७ साली झालं, त्याच्या आधीची छपाई.

आमच्या ग्रंथालयाचं एक गुप्त पान आहे, प्रत्येक पुस्तकात त्याच पानावर आतला शिक्का असतो. कितवं ते इथं लिहीत नाही. शिक्का बघायला पुस्तिका उघडली आणि पानं उलटताना भारताचा नकाशा आला. रेघांनी भूकंपाच्या धोक्याचे पाच झोन पाडलेले. मी सोलापुरावर बोट ठेवलं, वर उजवीकडं सरकवलं.

झोन एक. सगळ्यात सुरक्षित.

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, मी सहावीत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, उशिरा झोपलो होतो. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जे झालं ते सांगत बसत नाही, आमच्या भागात ते ज्याला त्याला सांगायचं आहेच. आमचं घर माळवदाचं. दगडमातीच्या दोन-तीन हात जाड भिंती, वर लाकडाचे खण आणि त्यावर दर पावसाळ्याआधी टाकत आलेली माती. उन्हाळ्यात इतकं गार की पंखा नको. आमची एक भिंत फुगून अंगणात आली, माळवद लाकडांवर तरलं, म्हणून मी हा ब्लॉग लिहितोय. किल्लारीच्या बाजूला मावशी होती. तिच्या घरात भिंतीही गेल्या आणि माळवदही.

ती भिंत बाहेरून एक दिसते, असते दोन. बाहेरचे दगड एक थर, आतले दगड एक थर, मध्ये चिखल आणि कपच्या. दोन्ही थरांना आरपार धरणारा लांब दगड ठरावीक अंतरावर घातला तर त्या एकत्र हलतात, नाही तर एक आत आणि एक बाहेर पडते. हे मला गवंड्यानं सांगितलेलं नाही. ते मी आयएस १३८२८ मध्ये वाचलं. कमी ताकदीच्या दगडी आणि विटांच्या बांधकामासाठीची मार्गदर्शिका, साल १९९३. तेच साल. ती पुस्तिका त्याच गठ्ठ्यात तळाशी होती, आणि तिच्या मागच्या कार्डावर एकही नाव नव्हतं.

"काय बघायलाव सर?" मामा म्हणाले. "रद्दीत टाकायचं का न्हाई?"

मी म्हटलं, थांबा जरा.

माझी धाकटी बहीण एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. रात्री तिला फोन केला. ती म्हणाली, "दादा, तुझं ठीक आहे. माझ्याकडं नवी आवृत्ती आली की जुनी त्याच दिवशी कपाटातून खाली. जुनं मेडिसिनचं पुस्तक म्हणजे तारीख उलटलेली गोळी." तिचं खरंच आहे. लाल विंचवाचंच घ्या, आमच्या शेतात दगड उचलला की भेटणारा. त्याच्या विषानं शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध चालतं, हे महाडला डॉक्टरकी करणाऱ्या हिंमतराव बावस्करांनी दाखवलं. ते मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. त्याआधीची जाडजूड पुस्तकं कितीही मोठ्या नावाची असोत, विंचवाच्या पानावर हे औषध सापडायचं नाही. रात्री ड्युटीवरच्या पोरानं चुकून तसली प्रत उघडली तर काय?

म्हणजे ६१० च्या, वैद्यकाच्या कपाटातली जुनी प्रत धोक्याची. तिच्या शेजारच्या ६२० मधली, इंजिनिअरिंगचीही तशीच धोक्याची, हे मला मान्य आहे. जुन्या कोडवर कुणी आज इमारत उभी करू नये. पण बहिणीला मी म्हटलं, एक तरी प्रत कुठं तरी ठेवतेस ना? ती म्हणाली, "जागा कुठंय?" मग दोघंही जागेवरच बोलत बसलो. ग्रंथपालांचं बोलणं शेवटी तिथंच येतं.

यादीत मी १८९३ च्या जुन्या चार प्रतींपैकी तीन घातल्या. चौथीच्या पाठीवर लाल शाईनं 'संदर्भ' लिहिलं, वरच्या कप्प्यात आडवी ठेवली. वर विचारलं असतं तर काय उत्तर देणार होतो, ते ठरवलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

ऑगस्टमध्ये सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाचा एक पोरगा काउंटरवर आला. मोबाइलवर कोडची पीडीएफ उघडी. आता बीआयएसच्या, म्हणजे त्याच ब्युरोच्या, साइटवरून कोड फुकट उतरवता येतात, पोरांना पुस्तिकेची गरजच राहिलेली नाही, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

"सर, एक विचारू का? ह्यात झोन दोन, तीन, चार, पाच आहेत. एक छापायचा राहिला का?"

मी खुर्चीवर चढून ती प्रत काढली. त्याला नकाशा दाखवला. मग सांगितलं, २००२ च्या आवृत्तीत झोन एक काढून दोनमध्ये मिळवला, आणि किल्लारीचा भाग तीनमध्ये गेला. कोयनेचंही आधी असंच झालं होतं. तिथं १९६७ च्या डिसेंबरात भूकंप झाला तोवर तो भाग नकाशात अगदी खालच्या झोनमध्ये होता, नंतर एकदम चारमध्ये. नकाशा जमिनीच्या मागून चालतो, असं काहीसं मी बोललो, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो तक्ता बघत होता. झोन एक, इमारतीवर भूकंपाचा जोर किती धरायचा त्याचा गुणांक ०.०१. झोन पाच, ०.०८. २००२ च्या कोडमध्ये तीनला ०.१६ आहे, पण ते माप वेगळं, दोन्ही आकडे शेजारी ठेवून चालत नाही, हेही त्याला सांगावं लागलं, कारण तो लगेच सोळा पट म्हणायला निघाला होता.

"तुझं गाव कुठलं रे?"

"सास्तूर, सर. म्हणजे नवं सास्तूर. जुनं मी बघितलं न्हाई."

त्यानं नकाशाचा फोटो काढला. मग म्हणाला, झेरॉक्स मिळेल का, घरी आजोबांना दाखवायचंय, ते गवंडी होते. लाइट गेली होती, झेरॉक्स बंद. संदर्भाचं पुस्तक बाहेर जात नाही, हे मामांनी मी बोलायच्या आधीच त्याला सांगून टाकलं.

मी इश्यू रजिस्टर काढलं. 'एका रात्रीसाठी' असं लिहून त्याची सही घेतली. मामा माझ्याकडं बघत होते. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत त्यानं प्रत आणून दिली. नकाशाच्या पानावर, बरोबर आमच्या जागी, पेन्सिलीचा एक ठिपका होता. पुस्तकात पेन्सिल चालवली म्हणून दंड लावायचा नियम आहे. मी खोडरबर काढला आणि परत ड्रॉवरमध्ये टाकला.