जुने रिव्हॉल्व्हर विकत घेण्यापूर्वी

कोल्हापूर शहरात आणि भोवतालच्या कागल, पन्हाळा, गडहिंग्लज या भागांत अशी बरीच जुनी घरे आहेत, जिथे आजोबा-पणजोबांच्या काळातील एखादे विलायती रिव्हॉल्व्हर परवान्यासह कपाटात जपून ठेवलेले असते. पुढच्या पिढीला ना त्याची आवड असते, ना परवान्याच्या नूतनीकरणाची दगदग सोसायची असते. मग ते हत्यार विक्रीस निघते आणि किंमत मात्र लाखांत सांगितली जाते. १९८० च्या दशकात सामान्य परवानाधारकासाठी परदेशी हत्यारांची आयात जवळपास बंद झाल्यामुळे, देशात आधीच असलेल्या कोल्ट, स्मिथ अँड वेसन आणि वेब्ली या विदेशी कंपन्यांच्या रिव्हॉल्व्हरांनाच फिरून फिरून गिऱ्हाईक मिळत राहिले, हे त्या किमतीमागचे मुख्य कारण आहे. त्यात २०१९ च्या कायदादुरुस्तीने एका परवानाधारकाजवळ असू शकणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. नामांकित नेमबाजांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, परंतु इतरांसाठी जागा दोनच. त्यांतील एक जागा आपण कोणाला देत आहोत, हा विचार मला पैशांच्या हिशेबाहूनही महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणूनच हत्यार हातात घेण्यापूर्वी कागद हातात घ्यावेत असा माझा आग्रह असतो.

पहिला प्रश्न बोअरचा, म्हणजे नळीच्या आतील, इंचात सांगितल्या जाणाऱ्या व्यासाचा. पॉइंट ४५५ आणि पॉइंट ३८० ची लष्करी काडतुसे ज्यांत बसतात, ती रिव्हॉल्व्हरे आपल्याकडे सामान्य परवान्यावर घेता येत नाहीत. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, ब्रिटिश सैन्यात आलेले भारदस्त वेब्ली मार्क सहा किंवा १९३० च्या दशकातील एन्फिल्ड कितीही मोहात पाडत असले, तरी त्यांचा विचार तिथेच सोडावा लागतो. उरते ती मुख्यतः पॉइंट ३२ ची दुनिया, आणि ती मुळीच दुय्यम नाही. पॉइंट ३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस १८९६ पासूनचे असून २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत ते आजही आवडीने वापरले जाते. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको. नळीवर काडतुसाचे नाव काय कोरले आहे, ते मात्र अक्षर न् अक्षर वाचावे. प्रतिस्पर्ध्याचे नाव आपल्या नळीवर नको म्हणून कोल्टने याच काडतुसाला ‘पॉइंट ३२ न्यू पोलीस’ म्हटले आणि ते बिनदिक्कत चालते. परंतु ‘पॉइंट ३२ लाँग कोल्ट’ हे निराळे काडतूस आहे, आणि नावातील साम्यामुळे त्यात गल्लत होते.

यानंतर परवान्यावरील क्रमांक आणि चौकटीवरील, म्हणजे हत्याराच्या मुख्य सांगाड्यावरील, क्रमांक ताडून पाहावा. क्रमांक घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा संशयास्पद दिसला, तर तिथून उठावे. ओळखखूण नसलेल्या अग्निशस्त्राची विक्री कायद्यानेच निषिद्ध आहे आणि त्यावर चर्चेला जागा नाही. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत हाच क्रमांक सिलिंडरच्या मागील बाजूस, नळीच्या खालच्या अंगास आणि मुठीच्या उजव्या लाकडी पट्टीच्या आतूनही सापडतो. हे सर्व क्रमांक जुळले, तर ते हत्यार कारखान्यातून ज्या भागांसह निघाले त्याच भागांसह आज आपल्यासमोर आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. संग्राहक ज्याला किंमत देतो, ते हेच.

आता बाह्यरूप. सराफांच्या गुजरीत आणि हुपरीच्या चांदीत वाढलेल्या आपल्या नजरेला चकाकी आवडते, आणि जुन्या रिव्हॉल्व्हरचा घात बहुतेक वेळा याच आवडीने झालेला असतो. अलीकडेच राजारामपुरीत एका मित्राबरोबर कोल्ट पोलीस पॉझिटिव्ह पाहण्यास गेलो होतो. १९०७ मध्ये बाजारात आलेले हे मॉडेल सुबक आणि हातात सहज बसणारे आहे. विकणारे तात्या मोठ्या अभिमानाने म्हणाले, “आरशागत चकाकतंय बघा, आता ह्यात आणि काय बघायचं राहिलंय?” खिडकीच्या उजेडात ते तिरके धरले तेव्हा सारे स्पष्ट झाले. चौकटीच्या कडा गोलावल्या होत्या, स्क्रूच्या छिद्रांभोवतीचा पृष्ठभाग बशीसारखा खोलगट झाला होता, नळीवरील अक्षरे पुसट होती आणि डाव्या बाजूचा, मागच्या पायांवर उभा ठाकलेला कोल्टचा घोडा निकेलखाली जवळजवळ बुडाला होता. कोणे एके काळी कुणा मेस्त्रीने ते बफवर घासून नव्याने मुलामा दिला होता. काम करणाऱ्याचा हेतू चांगला असेल. परंतु घासून गेलेले पोलाद परत येत नाही. स्मिथ अँड वेसनबाबत आणखी एक खूण उपयोगी पडते: कारखान्यातील निकेलच्या हत्यारात हॅमर (काडतुसावर आघात करणारा भाग) आणि चाप यांवर सहसा निकेल नसते, त्यामुळे तेही चकाकत असतील तर मुलामा बाहेर झाला असण्याची शक्यता मोठी.

याउलट नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या कडांवर म्यानामुळे विरळ झालेला पोलादावरील मूळ निळा मुलामा हा दोष मानू नये. ती वापराची प्रामाणिक खूण आहे, आणि असा मूळ, थोडा झिजलेला मुलामा मी नव्या झळाळीपेक्षा नेहमीच वरचढ मानतो. गंजाचे मात्र तसे नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवलेले हत्यार ओल धरते. म्हणून मालकाच्या परवानगीने मुठीच्या पट्ट्या काढून आतील भाग पाहावा, कारण खड्डे तिथे लपलेले असतात. स्क्रूची डोकी ओरबाडलेली असतील, तर आत कोणीतरी अडाणीपणे हात घातला आहे असे समजावे.

यंत्रणेची परीक्षा ही खरी परीक्षा. सिलिंडर उघडून सर्व खाने (काडतुसे बसण्याच्या जागा) रिकामे असल्याची स्वतः खात्री करावी, विकणाऱ्यालाही दाखवावे, आणि मगच पुढे जावे. रिकामा हॅमर आपटू नये. तो अंगठ्याने हळूहळू मागे ओढावा आणि त्या वेळी दुसऱ्या हाताचे बोट सिलिंडरवर अलगद टेकवून त्याला किंचित अडथळा द्यावा. हॅमर पूर्ण मागे जाऊन अडकण्यापूर्वी सिलिंडर आपल्या जागी पक्का बसला पाहिजे, आणि हे प्रत्येक खान्यासाठी स्वतंत्रपणे तपासले पाहिजे, कारण एखादाच खाना मागे पडत असतो. कोल्टच्या जुन्या रचनेत सिलिंडर फिरवणारी आतली पट्टी झिजते आणि हा दोष तिथे अधिक आढळतो. तो दुरुस्त करणे म्हणजे सुटा भाग बदलणे नव्हे. तो भाग कानशीने हाताने बसवावा लागतो. आपल्या उद्यमनगरात हजारांश इंचात काम करणारे कारागीर आहेत, परंतु परवानाप्राप्त शस्त्रदुरुस्ती करणारा आणि कोल्ट जाणणारा माणूस शोधणे कठीण, आणि मूळ सुटे भाग मिळणे त्याहून कठीण. म्हणून असा दोष असलेल्या हत्याराची किंमत मी बरीच खाली धरतो.

हॅमर ओढलेल्या स्थितीत तो अंगठ्याने पुढे ढकलून पाहावा. चाप न ओढता तो सुटला, तर खरेदीचा विचार सोडावा. सिलिंडर पुढेमागे किती हलतो तेही पाहावे, आणि नळी व सिलिंडर यांमधील फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापाने, मोजावी. ती साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर असणे उत्तम, ०.२५ च्या पुढे गेली की मी सावध होतो. नळीत तेल असेल तर ते पुसून काढावे, कारण तेलाखाली खड्डे दिसत नाहीत. जुन्या काडतुसांच्या टोपीतील (ठिणगी पाडणाऱ्या भागातील) क्षारांनी कित्येक चांगल्या नळ्या आतून खाल्ल्या आहेत. नळीच्या आतल्या वळणदार खाचांमध्ये, म्हणजे आट्यांमध्ये, कुठे काळपट कडे दिसले, तर तिथे नळी फुगलेली असू शकते.

आणि मग कथा. आपल्याकडे प्रत्येक दुसरे जुने हत्यार राजवाड्यातून आलेले असते. छत्रपतींच्या या नगरीत तसे असणे अशक्य नाही, आणि त्या वारशाबद्दल मला मनापासून आदर आहे; पण म्हणूनच पुराव्याशिवाय त्याचे पैसे देऊ नयेत असे मला वाटते. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा यांसारख्या जुन्या विक्रेत्याचे नाव कोरलेले असणे, मूळ पावती, जुन्या परवान्यातील नोंद, हे पुरावे. कोल्टकडून शुल्क भरून क्रमांकावरून अभिलेखपत्रही मिळते, ज्यात हत्यार कधी, कोणाकडे आणि कोणत्या मुलाम्यात रवाना झाले ते नोंदलेले असते. तात्यांचे कोल्ट मुळात निळे होते की निकेलचे, हा प्रश्न अशा एका पत्राने सुटला असता.

त्या कोल्टची यंत्रणा मात्र निर्दोष निघाली: सहाही खाने वेळेवर बसत होते आणि नळी स्वच्छ होती. मी मित्राला सांगितले की, दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर वापरण्यासाठी हे उत्तम आहे, त्याच हिशेबाने किंमत द्यावी. संग्राह्य वस्तूची किंमत देऊ नये. तात्यांनी सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोडी अधिक रक्कम त्याने देऊ केली. तात्यांनी मुलांशी बोलून कळवतो म्हटले आहे. व्यवहार ठरलाच, तर विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबायचे आहे, तोवर हत्यार विकणाऱ्याच्याच ताब्यात राहील, आणि मित्राने तोपर्यंत लेखी पावती घेऊन केवळ बयाणा द्यावा असे आमचे ठरले आहे.