टेस्टिंग नोंद: रोशफोर १०, थंडगार ते कोमट

सध्या स्ट्राँग बेल्जियन डार्क एल, म्हणजे बेल्जियमच्या गडद, कडक बिअर ओळीने चाखतोय. अल्कोहोलची ऊब कुठली आणि चटका कुठला, हे घशाला नेमकं कळायला हवं, एवढाच या फेरीचा उद्देश. त्यासाठी रोशफोर १० घेतली. अल्कोहोल ११.३ टक्के, म्हणजे नेहमीच्या लागर बिअरच्या दुपटीहून जास्त.

बेल्जियममधल्या रोशफोर गावालगतच्या सँ-रेमी मठात ट्रॅपिस्ट या कॅथलिक संप्रदायाच्या साधूंच्या देखरेखीखाली ही बनते. निळं झाकण १० चं, हिरवं ८ चं (९.२ टक्के), लाल ६ चं (७.५). नावातले १०, ८, ६ हे आकडे आंबवण्याआधीच्या वर्टची (माल्टच्या गोड अर्काची) घनता मोजायच्या जुन्या बेल्जियन अंशांवरून आलेत, अल्कोहोलशी त्यांचा थेट संबंध नाही.

फ्रिजमधून काढून लगेच ट्युलिप ग्लासात ओतली, मुद्दामच. रंग गडद तपकिरी, दिव्यासमोर धरला की कडेला लालसर. फेस बदामी आणि बारीक, बराच वेळ टिकला. बाटलीत पुन्हा आंबवलेली असल्याने गॅस भरपूर. वास मात्र जवळजवळ बंद. थोडं कॅरमल, थोडी लवंग, बास. इथेच गुण देऊन मोकळं झालं तर या बिअरवर अन्याय होतो.

थर्मामीटर १३ अंशांवर आला आणि ग्लास बोलायला लागला. आधी मनुका, मग सुकं अंजीर, काळा खजूर, त्यामागे काकवी. यात धने असतात. ते वेगळे ओळखू येत नाहीत, पण घोट गिळल्यावर संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी क्षणभर चमकतं, ते त्यांचंच असावं. एवढा गोड वास असून शेवट कोरडा! कारण कँडी शुगर, म्हणजे बेल्जियन बिअरमध्ये घालतात ती साखर. ती जवळजवळ पूर्ण आंबते, त्यामुळे अल्कोहोल वाढतं पण बिअर जड होत नाही.

१८ अंशांना खरी परीक्षा. आंबवताना तापमान हाताबाहेर गेलं की फ्युजेल अल्कोहोल (उग्र, जड प्रकारचे अल्कोहोल) वाढतात, ते थिनरसारखे नाकात घुसतात आणि घसा पोळतो. इथे नाकाला अल्कोहोल स्पष्ट कळलं, पण घशातून छातीपर्यंत नुसती ऊब उतरत गेली. हा फरक आता मला न अडखळता सांगता येतो, याचा खूप आनंद आहे.

तळाचा गाळ शेवटी वेगळा चाखला: पावासारखा, किंचित कडवट. पहिल्या ओतण्यात तो येऊ देऊ नका, फळांचा वास दबतो.

बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या ५० गुणांच्या तक्त्यावर माझे ४६. चवीचे दोन कापले, कारण कोमट झाल्यावर गोडवा जरा पुढे आला.

दुसरी बाटली अंधाऱ्या कपाटात उभी ठेवलीय. मुरल्यावर शेरी वाइनसारखी छटा येते की ओल्या पुठ्ठ्यासारखी, ते पाहायचंय. कुणाकडे तीन-चार वर्षं मुरलेली १० असेल तर उघडल्यावर फेस किती उरला होता तेवढं जरूर कळवा.